एक मे आणि एक्स्चेंजचं कार्ड

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

‘कार्ड काढलंस का?’

आज कुणी असं विचारलं, तर समोरचा गोंधळून जाईल. कुठलं कार्ड? आधारचं, रेशनचं, एटीएमचं, की मोबाइलचं? पण माझ्या पिढीला असा प्रश्न पडत नव्हता. दहावीचा, बारावीचा किंवा बी.ए.चा निकाल लागायचा, गल्लीत पेढे वाटून व्हायचे आणि तिसऱ्या दिवशी शेजारचे काका ओट्यावर बसल्या बसल्या विचारायचे, ‘काय, कार्ड काढलंस का?’ कार्ड म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड. सरकारी मराठीत त्या कचेरीला ‘सेवायोजन कार्यालय’ म्हणत. पण सेवायोजन हा शब्द फक्त पाटीवर होता. लोकांच्या तोंडी ‘एक्स्चेंज’च.

मी हे कार्ड १९९१ साली काढलं. गाव सोलापूर. शिवाजी विद्यापीठाची बी.ए.ची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि रेशनकार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून सकाळी आठ वाजता रांगेत उभा राहिलो. खिडकी साडेदहाला उघडली. आतल्या साहेबांनी कागद पाहिले आणि विचारलं, ‘अनुभव?’ मी म्हटलं, ‘नाही.’ ‘टायपिंग?’ ‘नाही.’ ‘मग येतं काय?’ मी जरा घुटमळलो. त्या वेळी माझ्या दोन-तीन कविता छापून आल्या होत्या. पण त्या खिडकीपाशी ‘कविता येतात’ असं सांगायची हिंमत झाली नाही.

पुढे कळलं, की हिंमत करायला हरकत नव्हती. देशातल्या सगळ्या कामधंद्यांची एक सरकारी यादी असते. ‘राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण’ असं तिचं नाव. माझी नोंद झाली तेव्हा तिची १९६८ सालची आवृत्ती चालत होती. तिच्यात १५ क्रमांकाचा गट होता ‘कवी, लेखक, पत्रकार आणि तत्सम कामगार’ यांचा. त्यात कवीचा नंबर पहिला! साहित्य संमेलनातही कवीला इतका मान मिळत नाही. मात्र माझी रवानगी त्या गटात झाली नाही. ज्यांना काहीच अनुभव नाही, जे पहिल्यांदाच काम शोधायला निघाले आहेत, त्यांच्यासाठी यादीच्या शेवटी ‘एक्स’ नावाचा विभाग होता. गणितात ज्याची किंमत ठाऊक नसते त्याला आपण एक्स म्हणतो. इथंही तसंच. मला मिळालेल्या ओळखपत्राचं सरकारी नावसुद्धा ‘एक्स-टेन’ होतं.

घरी येऊन मी ते कार्ड अब्बांच्या हातात दिलं. अब्बा मिलमध्ये होते. त्यांना मराठी वाचता येत होतं, पण सावकाश. त्यांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं, वरच्या नंबरावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘नंबर कू जात नै रहती, बेटा.’ नंबराला जात नसते. मला वाटलं, बाप उगीच मोठं काहीतरी बोलतोय. कारण कचेरीत माझ्या पुढे किती हजार नंबर आहेत, ते मी पाहून आलो होतो. अब्बा असं का म्हणाले, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. त्यासाठी थोडा इतिहास वाचावा लागला.

अब्बा मिलमध्ये लागले ते बदली कामगार म्हणून. बदली म्हणजे काय, हे आता सोलापुरातल्या आणि गिरणगावातल्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक असेल. पाळीचा भोंगा व्हायच्या आत गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आजारी पडलं, कुणी गावी गेलं, तर त्याच्या जागी आजच्या दिवसापुरतं काम मिळणार. आत कुणाला घ्यायचं हे ठरवणार जॉबर. तो गेटवर येऊन चेहऱ्यांवरून नजर फिरवायचा आणि बोट दाखवायचा. ज्याच्याकडे बोट वळलं त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली. बाकीचे डबा तसाच घेऊन परत. अब्बा म्हणायचे, ‘परत येताना डबा जास्त जड लागतो.’

हा जॉबर नुसता मुकादम नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत तर तो एक संस्थाच होता. गावाकडून माणसं तो आणायचा, त्यांना काम द्यायचा, अडीनडीला व्याजानं पैसे द्यायचा आणि नाराज झाला तर कामावरून काढायचा. काम मिळावं म्हणून त्याला दस्तुरी द्यावी लागे. तो ज्या गावचा, ज्या जातीचा, ज्या पंथाचा, त्याची माणसं आधी आत जात. ब्रिटिश सरकारनं १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगानं हिंदी कामगारांच्या स्थितीची पाहणी केली. १९३१च्या अहवालात आयोगानं सांगितलं, की माणसं भरण्याचा आणि काढण्याचा अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्या. मुंबईच्या गिरणीमालकांनी १९३५ साली बदली कामगारांची रीतसर नोंद ठेवायची पद्धत सुरू केली, तीही जॉबरच्या मनमानीला आळा बसावा म्हणूनच. पण नियम कागदावर येतो आणि गेटवर पोचायला त्याला वेळ लागतो. अब्बांच्या तरुणपणी तो पुरता पोचला नव्हता.

काम मागणारा आणि काम देणारा यांच्यामध्ये सरकारनं उभं राहावं, फुकट उभं राहावं आणि चेहऱ्याऐवजी नोंदवही पाहावी, ही कल्पना आपल्याकडे विलायतेतून आली. तिथंही गोदीच्या दारात मजुरांची अशीच झुंबड व्हायची. विल्यम बेव्हरिज नावाच्या तरुण अभ्यासकानं बेकारीचा अभ्यास केला आणि व्यापार खात्याचे मंत्री होते विन्स्टन चर्चिल. त्यांच्या काळात १९०९ साली ‘लेबर एक्स्चेंज’चा कायदा झाला आणि १ फेब्रुवारी १९१० रोजी पहिली केंद्रं उघडली. पुढे पहिलं महायुद्ध झालं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली आणि १९१९ साली वॉशिंग्टनच्या पहिल्याच परिषदेत तिनं बेकारीवर करार केला. त्यात एक कलम होतं : प्रत्येक देशानं काम शोधणाऱ्यांसाठी मोफत सरकारी केंद्रं चालवावीत. हिंदुस्थान सरकारनं १९२१ साली त्यावर सही केली. नंतरची सतरा वर्षं त्या दिशेनं विशेष काही झालं नाही आणि १९३८ साली सरकारनं त्या करारातून अंगच काढून घेतलं. गेटवर माणसं आयतीच उभी असताना त्यांची नोंद कशाला ठेवायची, असा मालकांचा हिशेब होता.

मग दुसरं महायुद्ध आलं. कारखान्यांना फिटर हवे होते, टर्नर हवे होते, सैन्याला ड्रायव्हर आणि मेकॅनिक हवे होते. गरज मालकाची असली की नोंदवही लगेच उघडते! युद्धकाळात तंत्र-कामगारांसाठी काही एक्स्चेंजं निघाली. खरा प्रश्न युद्ध संपत आलं तेव्हा उभा राहिला. लाखो सैनिक घरी परतणार, युद्धसाहित्याचे कारखाने बंद होणार, मग ही माणसं जाणार कुठे? त्यासाठी जुलै १९४५मध्ये पुनर्वसन आणि रोजगाराचं महासंचालनालय स्थापन झालं आणि देशभर एक्स्चेंजचं जाळं विणायला सुरुवात झाली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९४२ ते १९४६ अशी चार वर्षं हे खातं त्यांच्याकडे होतं. जन्मावरून काम ठरण्याचा जाच ज्यांनी स्वतः सोसला, त्यांच्या कारकिर्दीत नोंदीवरून काम देणारी ही व्यवस्था उभी राहिली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

दोन वर्षांत फाळणी झाली. सैनिकांसाठी उघडलेल्या खिडक्यांसमोर निर्वासित येऊन उभे राहिले. काल ज्याचं दुकान होतं, शेत होतं, शाळेतली नोकरी होती, तो आज नाव नोंदवत होता. १९४८च्या सुरुवातीला सरकारनं ठरवलं, की आता ही सोय काम शोधणाऱ्या सगळ्यांनाच खुली करायची. त्या दिवसापासून सेवायोजन कार्यालय हे सर्वसामान्य माणसाचं झालं.

यानंतरच्या दोन तारखा मराठी वाचकांनी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. शिवराव समितीच्या शिफारशीनंतर या कार्यालयांचा दैनंदिन कारभार केंद्राकडून राज्यांकडे आला, तो दिवस १ नोव्हेंबर १९५६. त्याच दिवशी राज्यपुनर्रचना झाली आणि आपण विशाल द्विभाषिकात गेलो. १९५९ साली संसदेनं ‘सेवायोजन कार्यालये (रिक्त पदे अधिसूचित करण्याची सक्ती) कायदा’ केला. तो अमलात आला १ मे १९६० रोजी. म्हणजे महाराष्ट्राचा मंगल कलश आला, त्याच दिवशी बेकारांच्या हक्काचा हा कायदा देशात लागू झाला. आपलं राज्य आणि हा कायदा एकाच दिवशी सुरू झाले. कलशाची आठवण आपण दरवर्षी काढतो. या कायद्याची आठवण काढलेली मी कधी ऐकली नाही.

कदाचित त्याचं कारण कायद्यातच असेल. कायदा म्हणत होता, की सरकारी कार्यालयांनी आणि २५ किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या खासगी आस्थापनांनी आपल्याकडची रिकामी जागा एक्स्चेंजला कळवलीच पाहिजे. शेती, घरकाम, तीन महिन्यांच्या आतलं काम यांना त्यातून सूट होती. आता गंमत पाहा. जागा कळवायची सक्ती होती, पण एक्स्चेंजनं पाठवलेल्या माणसाला घ्यायची सक्ती नव्हती. आणि जागा कळवलीच नाही तर दंड किती? पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत, नंतरच्या प्रत्येक गुन्ह्याला १००० रुपयांपर्यंत. १९६० साली ही रक्कम मोठी होती. पण काळ पुढे गेला तरी दंड तिथंच राहिला.

सरकारी नोकऱ्यांत मात्र एक्स्चेंजचा शब्द चालायचा, कारण आपल्या खात्यांनी तिथूनच नावं मागवावीत असे सरकारचे स्वतःचे आदेश होते. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८७ साली न्यायालयानं सांगितलं, की या कायद्यानं कुणावरही एक्स्चेंजमधूनच भरती करण्याचं बंधन येत नाही. सरकारनं आपल्या खात्यांपुरता तसा नियम केला असेल तर तो चालेल. १९९६ साली दुसरा निकाल आला. एक्स्चेंजकडून नावं मागवाच, पण वर्तमानपत्रात जाहिरात द्या, फलकावर लावा, रेडिओ आणि दूरदर्शनवरून सांगा आणि जो अर्ज करेल त्याचा विचार करा. न्याय म्हणून हे बरोबरच होतं. ज्यानं नाव नोंदवलं नाही त्यालाही नोकरीची गरज असते. पण त्यामुळे कार्डाचं वजन उतरलं, हेही खरं.

२००० सालच्या सुमारास देशभरातल्या एक्स्चेंजमध्ये नाव असलेल्यांची संख्या ४ कोटींच्या वर होती आणि त्या वर्षात या कार्यालयांमार्फत कामाला लागलेल्यांची संख्या २ लाखांच्याही आत. या नोंदवहीला ‘लाइव्ह रजिस्टर’ म्हणत, म्हणजे जिवंत नोंदवही. दर तीन वर्षांनी जाऊन नूतनीकरण केलं तर तुम्ही तिच्यात जिवंत, नाहीतर नाव कमी. चार कोटी माणसं तीन-तीन वर्षांनी खिडकीपाशी जाऊन ‘मी अजून आहे’ असं सांगत होती.

इथं महाराष्ट्रानं केलेली एक वेगळी गोष्ट सांगितली पाहिजे. या नोंदवहीत शिकलेली माणसं होती. ज्यांच्याकडे दाखला नाही, टायपिंग नाही, फक्त दोन हात आहेत, त्यांचं काय? विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी हा प्रश्न धरला. १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांच्या कल्पनेतून मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनी लाखो माणसं जगवली. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. मागितल्यावर १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता, अशी तरतूद त्यात होती. पुढे २००५ साली केंद्रानं ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याच्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. आणि पैसा कुठून आला? १९७५ साली राज्यानं व्यवसाय कर बसवला, तो मुख्यतः या योजनेसाठी. नोकरदारांनी आपली पगाराची पावती कधी नीट पाहिली, तर व्यवसाय कराची एक कपात दिसते. ज्याला काम आहे त्यानं ज्याला काम नाही त्याच्यासाठी दिलेला तो वाटा आहे, अशी त्याची सुरुवात.

माझी अम्मी मात्र या दोन्ही वह्यांत कधीच नव्हती. ती घरी बसून बिड्या वळायची. सोलापुरात हजारो बायकांनी या कामावर संसार केले. सकाळी पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, रात्री उशिरापर्यंत सुपात तंबाखू घेऊन बसायचं. आमच्या बी.ए.ची फी त्या सुपातून गेली. पण ‘तू काम शोधतेस का?’ असं तिला कुठल्याही खिडकीनं विचारलं नाही आणि तिनंही कुठल्या खिडकीला विचारलं नाही. बेकारांची संख्या मोजताना अशा बायका आपल्या हिशेबातून निसटतात.

आता माझ्या कार्डाचं पुढे काय झालं ते सांगतो. खिडकीतल्या त्या साहेबांनी मला पहिल्याच दिवशी एक सल्ला दिला होता : ‘नुसत्या बी.ए.च्या रांगेत म्हातारा होशील. मराठी टायपिंगची तीसची परीक्षा दे आणि नोंद वाढवून घे.’ मी पेठेतल्या एका टायपिंग क्लासला जाऊ लागलो. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास झालो, कार्डावर नोंद वाढवली. त्या टायपिंगच्या जोरावर मला एका छापखान्यात अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाचं काम मिळालं. ते एक्स्चेंजनं दिलं नव्हतं, पण एक्स्चेंजच्या खिडकीत मिळालेल्या सल्ल्यानं दिलं होतं. माझं पोट पुढे याच कामावर चाललं. माझं पहिलं कवितांचं पुस्तक मी स्वतः जुळवलं.

कॉलही आला. एकदाच. १९९६ साली लिपिकाच्या मुलाखतीचं पत्र आलं, पण ते जुन्या पत्त्यावर गेलं. मधल्या काळात आम्ही घर बदललं होतं आणि पत्ता कळवायचं मी विसरलो होतो. जुन्या घरमालकांनी पत्र आणून दिलं तेव्हा मुलाखत होऊन चार दिवस झाले होते. चूक माझीच होती. मी ते पत्र रागानं फाडायला निघालो. अब्बांनी माझ्या हातातून काढून घेतलं, घडी नीट केली आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं. म्हणाले, ‘बुलाए तो सही ना!’ बोलावलं तरी ना! ज्या माणसानं वर्षानुवर्षं गेटवर कुणाच्या तरी बोटाची वाट पाहिली, त्याच्या घरी सरकारनं नाव-पत्ता घालून पत्र पाठवलं होतं. कुणाला दस्तुरी न देता, कुणाची ओळख न सांगता, निव्वळ रांगेतला नंबर आला म्हणून. नोकरी गेली याचं दुःख त्यांनाही होतंच. पण आमच्या आडनावाकडे न पाहता पत्र आलं, हे त्यांना त्याहून मोठं वाटत होतं. त्या चार-पाच वर्षांत देशात जे घडलं होतं, ते आठवलं की मला त्यांचं वाटणं कळतं.

अब्बा आता नाहीत. सेवायोजन कार्यालयाचं नाव आधी ‘रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र’ झालं, मग त्यात कौशल्य विकास आणि उद्योजकता हे शब्द आले. केंद्र सरकारनं २० जुलै २०१५ला ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ सुरू केली, राज्याचं ‘महास्वयम्’ संकेतस्थळ आलं. १९५९च्या कायद्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता संसदेनं २०२० साली मंजूर केली आणि तिच्यात एक्स्चेंज हा शब्द जाऊन ‘करिअर सेंटर’ आलं. खिडकी मोबाइलमध्ये गेली. रांग दिसेनाशी झाली, पण ती आहेच.

काही लोक म्हणतात, सरकारनं यात पडायचं कारणच काय? खासगी कंपन्या हे काम चटकन करतात. करतातही. पण खासगी दारात पुन्हा चेहरा आला, ओळख आली, कुठल्या कॉलेजचा, कुठल्या वस्तीतला, हे आलं. भाड्यानं घर शोधताना नाव सांगितल्यावर समोरच्याचा सूर कसा बदलतो, हे आमच्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. ज्याच्याकडे वशिला नाही, त्याच्यासाठी एक तरी दार असं हवं, जिथं नोंद पाहिली जाते. ते दार हळू उघडतं, कुरकुरतं, कधी अडकतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. म्हणून ते दुरुस्त करून घ्यायचं. काढून टाकायचं नाही. दंड आजच्या काळाला शोभेल असा असावा, जागा खरोखर कळवल्या जाव्यात आणि खिडकीत किंवा पडद्यामागे ‘टायपिंगची परीक्षा दे’ असं सांगणारा एक माणूस असावा.

माझ्या भाचीनं गेल्या वर्षी पदविका पूर्ण केली. तिनं पाच मिनिटांत मोबाइलवर नाव नोंदवलं आणि मला नंबर दाखवला. ‘मामू, झालं!’ म्हणाली. रोजगार मेळाव्याचा एक निरोप तिला आला. ती जाऊन आली. अजून कुणी बोलावलेलं नाही. मी तिला कायदे सांगितले नाहीत की तारखा सांगितल्या नाहीत. एवढंच म्हटलं, ‘पत्ता किंवा मोबाइलचा नंबर बदललास, तर कळवायला विसरू नकोस.’